जुन्या गाडीचे मोठे काम निघते तेव्हा: तपासणीपासून निर्णयापर्यंत

गॅरेजमधून हाती येणाऱ्या एस्टिमेटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकाच कागदावर आलेल्या असतात. एक म्हणजे बिघाड नेमका कशात आहे याविषयीचे मेकॅनिकचे मत, आणि दुसरी म्हणजे ते मत बरोबर आहे असे धरून काढलेला खर्चाचा आकडा. गाडीमालक घासाघीस करतो ती आकड्यावर. मताची शहानिशा सहसा कोणी करत नाही. जुन्या गाडीच्या बाबतीत ही चूक विशेष महागात पडते, कारण तिच्यात एका वेळी चार गोष्टी झिजलेल्या असतात, त्यांतल्या कोणत्याही एकीकडे बोट दाखवता येते, आणि काम होऊनही तक्रार कायम राहिली तर ‘तो भागही गेलेलाच होता’ हे उत्तर खोटे नसते. पुढील क्रम आधी त्या मताची खातरजमा करण्यासाठी आणि मग पैसे घालायचे की गाडी सोडायची हे ठरवण्यासाठी आहे. पेट्रोल आणि डिझेल इंजिनाच्या गाड्या येथे गृहीत धरल्या आहेत.

पहिली पायरी: गाडी चालवायची की जागेवर थांबवायची

बऱ्याच मोठ्या दुरुस्त्या मुळात लहान असतात. बिघाडाची चाहूल लागल्यानंतर गाडी आणखी पाच-दहा किलोमीटर रेटली म्हणून त्या मोठ्या होतात. ऑइल प्रेशरचा लाल दिवा चालू इंजिनावर लागला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. क्रँकशाफ्टची बेअरिंगे ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतात आणि तो थर गेला की धातूला धातू घासायला वेळ लागत नाही. तापमानाचा काटा वर चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता आत निघून येते, आणि सुरक्षित जागा मिळताच थांबावे. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण मात्र मुळीच काढू नये. दाबाखाली असल्यामुळे आतले कूलंट १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊनही द्रवच राहिलेले असते. झाकण सैल होताच ते क्षणात उकळते आणि अंगावर येते.

चेक इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येते. तोच दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर करत आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, आणि न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातील विषारी वायू कमी करणाऱ्या, सायलेन्सरच्या मार्गातील भागात) जाऊन तेथे जळते आहे, असा त्याचा अर्थ घ्यावा. इग्निशन कॉइलसारख्या तुलनेने लहान भागाच्या बिघाडातून कन्व्हर्टरही वितळून जातो तो असाच. ब्रेकचे पेडल हळूहळू खाली बसत असेल, स्टिअरिंगमध्ये मोकळेपणा जाणवत असेल किंवा इंधनाचा वास येत असेल, तर गाडी टो करून न्यावी. येथे विचार करण्यासारखे काही नाही. चालता चालता इंजिन एकदम बंद पडले आणि सेल्फ मारल्यावर ते नेहमीपेक्षा हलके, भराभर फिरत असल्यासारखे वाटले, तर टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची चाल जुळवून ठेवणारा पट्टा) तुटल्याची शक्यता धरून पुन्हा पुन्हा सेल्फ मारणे थांबवावे.

दुसरी पायरी: लक्षण लिहून काढा, भागाचे नाव घेऊ नका

‘अल्टरनेटर बदलून द्या’ असे सांगून गाडी सोडली तर अल्टरनेटर बदलून मिळतो. तक्रार जाईलच याची जबाबदारी कोणावर राहत नाही. म्हणून गॅरेजला लक्षण सांगावे, आणि ते सांगता यावे यासाठी दोन दिवस लक्ष देऊन लिहून ठेवावे: सकाळी थंड इंजिनावर होते की अर्ध्या तासाने, ठरावीक वेगाला की ठरावीक आरपीएमला, ब्रेक लावताना, वळताना की खड्ड्यातून जाताना.

आवाजाच्या बाबतीत एक साधी परीक्षा बरेच काम करते. उभ्या गाडीत न्यूट्रलवर रेस दिल्यावर आवाज येत असेल तर तो इंजिनाचा किंवा त्याच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या भागांचा आहे. गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा आणि गिअर काढून गाडी घरंगळत असतानाही टिकणारा आवाज चाकाच्या बेअरिंगचा किंवा टायरचा असण्याची शक्यता जास्त. वळणावर तो एका बाजूला वाढला तर बेअरिंगवरचा संशय पक्का होतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवताना कटकट वाजले तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट पाहावा. धूरही बोलतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे इंधन जास्त जाते आहे, आणि इंजिन पूर्ण तापल्यानंतरही येत राहणारा दाट पांढरा धूर पेट्रोल गाडीत बहुधा कूलंट सिलिंडरमध्ये शिरत असल्याचे सांगतो. थंडीत सुरुवातीला सायलेन्सरमधून निघणारी वाफ यात धरू नये. कित्येकजण तिला पाहून उगाच घाबरतात.

शक्य असेल तर आवाज येत असतानाचे मोबाइलवरचे चित्रीकरण सोबत ठेवावे. गाड्यांना गॅरेजमध्ये पोहोचताच गुणी होण्याची सवय असते.

तिसरी पायरी: तपासणीला पैसे मोजा

मोठ्या कामात सर्वांत स्वस्त पडतो तो तपासणीचा तास, आणि गाडीमालक नेमका तोच वाचवायला पाहतात. ‘चेकिंग फुकट’ असेल तर तपासणी पाच मिनिटांत आटोपते, उरलेले निदान अनुभवाच्या भरवशावर होते आणि भाग एकामागून एक बदलून पाहण्याचा खर्च मालकाच्या माथी येतो. निदानाची मजुरी वेगळी ठरवावी, ती आनंदाने द्यावी, आणि तिच्या बदल्यात एकच गोष्ट मागावी: हे कशावरून ठरवले ते दाखवा.

‘स्कॅनर लावला, कोड आला’ हे त्या प्रश्नाचे पुरे उत्तर नाही. ओबीडी २, म्हणजे गाडीतील संगणकाने बिघाड स्वतः टिपून त्याचा ठरावीक कोड ठेवण्याची व्यवस्था, अमेरिकेत १९९६ पासून बंधनकारक झाली. युरोपीय संघात तिच्यासारखीच व्यवस्था नव्या पेट्रोल गाड्यांसाठी २००१ पासून आणि डिझेलसाठी त्यानंतर आली. त्यामुळे आजच्या बहुतेक जुन्या गाड्यांना स्कॅनर लागतो. पण कोड सांगतो तो कोणते मोजमाप मर्यादेबाहेर गेले एवढेच. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे. कारण फाटलेली व्हॅक्यूम नळी असू शकते, हवा मोजणारा मळलेला सेन्सर असू शकतो किंवा थकलेला फ्युएल पंपही. या तिन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. तेथे त्या सिलिंडरची इग्निशन कॉइल दुसऱ्याला लावून पाहावी, आणि कोड तिच्याबरोबर पी ०३०२ होऊन सरकला तर दोष कॉइलचा, नाही सरकला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनकडे वळावे. दहा मिनिटांचे हे काम आहे.

माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीत पी ०४२० हा कोड आला होता. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता मर्यादेखाली गेल्याचे तो सांगतो. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा थर आत असल्यामुळे हा भाग महाग असतो, तरी मन घट्ट करून मी तो बदलून घेतला. दिवा गेला, आणि वर्षभरात त्याच कोडने परत आला. दुसऱ्यांदा गाडी ज्याच्याकडे नेली त्याने स्कॅनर लावण्याआधी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) ओढून पाहिली, कापडाला पुसली, पुन्हा ओढली आणि विचारले, “किती किलोमीटरला ऑइल टाकता?” दर महिन्याला थोडे वरून टाकत होतो हे मी कोणालाच सांगितले नव्हते, कारण ते मला वेगळे दुखणे वाटत होते. इंजिन ऑइल खात होते, ऑइलमधील फॉस्फरस कन्व्हर्टरच्या थरावर बसत होता, आणि मी त्या इंजिनाला आणखी एक नवा कन्व्हर्टर खायला दिला होता. तेव्हापासून ‘हा भाग गेला’ असे कोणी म्हटले की ‘कशामुळे गेला’ हा प्रश्न मी विचारतोच.

इंजिन उघडण्याची भाषा सुरू झाली की पुढील तपासण्या झाल्या आहेत का ते पाहावे. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. त्यात एकेकट्या आकड्याइतकाच सिलिंडरांमधील परस्परांतला फरक महत्त्वाचा. तो १० ते १५ टक्क्यांहून अधिक असला तर काहीतरी बिघडलेले असते. पेट्रोल इंजिनात कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजल्यावर दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, नाही वाढला तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर (सिलिंडरांवरचे झाकण, म्हणजे हेड, आणि खालचे इंजिन यांच्यामधील सीलवर) जातो. लीकडाउन टेस्ट त्याहून अधिक सांगते. सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडतात आणि ती कोठून निसटते ते कान देऊन ऐकतात: सायलेन्सरमध्ये फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल टाकण्याच्या तोंडाशी आली तर रिंगा. थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण काढून ठेवलेले असते, आणि तेथे एकामागून एक बुडबुडे वर येताना दिसले तर हेड गॅस्केट किंवा हेडला गेलेली चीर यांवाचून तिसरे कारण क्वचितच निघते. हे दृश्य मालकाने स्वतः उभे राहून पाहण्यासारखे आहे.

हेड गॅस्केटविषयी आणखी थोडे सांगायला हवे, कारण जुन्या गाडीत सर्वांत जास्त चुकीचे निदान याचेच होत असावे असे मला वाटते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ, पिवळट थर दिसला की ‘पाणी मिसळले’ असे लगेच जाहीर होते. पण गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर इंजिन पुरते तापत नाही, आतली बाष्पाची ओल उडून जात नाही आणि झाकणाखाली असाच थर साचतो. डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंटची पातळी घटत नसेल तर त्या थराने घाबरू नये. गाडी गरम होण्याची कारणेही पुष्कळ आहेत: अडकलेला थर्मोस्टॅट, न फिरणारा पंखा, दाब न धरणारे रेडिएटरचे झाकण, चोंदलेला रेडिएटर. यांतले काहीही इंजिन उघडायला लावत नाही. खात्री हवी असेल तर निळ्या रसायनाची चाचणी मागावी. कूलंटच्या वरची हवा त्या द्रवातून ओढतात; जळालेले वायू कूलंटमध्ये येत असतील तर त्यांतील कार्बन डायऑक्साइडमुळे निळा द्रव पिवळा होतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स झटके देतो म्हणून तो खाली उतरवण्यापूर्वी त्याच्या तेलाची पातळी आणि रंग पाहावा. तेल काळपट झालेले, करपल्याचा वास असलेले आणि धातूच्या चकाकत्या कणांनी भरलेले असेल तर आतून नुकसान झाले आहे. नुसते जुने तेल, बिघडलेला सोलेनॉइड (तेलाचा प्रवाह वळवणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) किंवा वायरिंगचा दोष असेल तर गिअरबॉक्स उतरवण्याची गरजच पडत नाही. आणि कोणत्याही विचित्र, येऊन-जाऊन असणाऱ्या तक्रारीआधी बॅटरी तपासावी. इंजिन बंद ठेवून काही तास झाल्यावर पूर्ण भरलेल्या बॅटरीचा विद्युतदाब साधारण १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.७ ते १४.७ व्होल्ट दिसायला हवा. कमी विद्युतदाबामुळे आणि गंजलेल्या अर्थिंगमुळे एकाच वेळी पाच-सहा असंबद्ध कोड उमटतात, आणि त्यांतला प्रत्येक कोड एखाद्या महाग भागाकडे बोट दाखवतो.

चौथी पायरी: एस्टिमेट ओळीओळीने वाचा

एकरकमी आकडा स्वीकारू नये. सुटे भाग, मजुरी, ऑइल-कूलंटसारख्या वस्तू आणि बाहेर करून घ्यायची कामे, म्हणजे हेडचे फेसिंग (घासून सपाट करणे) वगैरे, वेगवेगळी लिहून घ्यावीत. भाग मूळ कंपनीचा, दुसऱ्या उत्पादकाचा, रीकंडिशन केलेला की जुना, हे प्रत्येक भागापुढे लिहिलेले असावे. वॉरंटी भागावरच आहे की तो भाग पुन्हा गेल्यास मजुरीवरही आहे, हेही विचारावे. मोठ्या कामात मजुरी हाच खर्चाचा मोठा वाटा असतो, आणि फुकट मिळालेला भाग बसवण्यासाठी ती दुसऱ्यांदा मोजावी लागते.

इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडल्याशिवाय खरा खर्च कळणार नाही असे सांगण्यात आले तर ते बऱ्याचदा खरेच असते. अशा वेळी काम दोन टप्प्यांत ठरवावे. उघडण्याची मजुरी किती, उघडल्यानंतर पुढे न जाण्याचे ठरवले तर किती द्यायचे, आणि गाडी कोणत्या अवस्थेत परत मिळणार, हे आधी लिहून घ्यावे. उघडलेले इंजिन डिकीत घेऊन गाडी दुसरीकडे नेणे जवळपास अशक्य असते, आणि गॅरेजवाल्यालाही ते ठाऊक असते. ठरलेल्या रकमेपेक्षा अधिक खर्च निघाल्यास विचारल्याशिवाय काम करू नये आणि काढलेले जुने भाग परत द्यावेत, या दोन ओळी एस्टिमेटवरच लिहाव्यात. काही भाग रीकंडिशनिंगसाठी जमा करावे लागतात. ते किमान पाहायला तरी मिळावेत.

दहा कामांची यादी मिळाली असेल तर ‘या यादीतले काय आज केले नाही तर मी किंवा इंजिन धोक्यात येईल?’ असे विचारावे. प्रामाणिक मेकॅनिक बहुतेक वेळा यादी तेथेच निम्मी करतो. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, बॉल जॉइंट हे पहिल्या रांगेत. टायमिंग बेल्ट आणि कूलंटची गळती दुसऱ्या रांगेत. बॉनेटखाली दिसणारा ऑइलचा ओलसरपणा, काच वर-खाली करणारी मोटर, थोडासा आवाज करणारा बुश हे थांबू शकतात.

दुसरे मत घ्यायचे असेल तर पहिल्या गॅरेजचा निष्कर्ष सांगू नये. दुसऱ्यालाही तीच लक्षणे सांगावीत, त्यालाही तपासणीचे पैसे द्यावेत, आणि दोघांचे निदान जुळते का ते पाहावे. निदान जुळले आणि आकडे वेगळे आले तर घासाघीस करण्यात अर्थ आहे. निदानच वेगळे आले तर आकड्यांची तुलना निरर्थक ठरते आणि कोणी काय मोजून पाहिले यावर निर्णय करावा लागतो.

पाचवी पायरी: बिल बाजूला ठेवून सगळी गाडी पाहा

मोठा खर्च करण्यापूर्वी गाडी लिफ्टवर चढवून उरलेली सारी गाडी तपासून घ्यावी. इंजिन दुरुस्त करून घेतल्यावर महिन्याभराने सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) सडलेली निघाली तर इंजिनावरचा पैसा गेला म्हणून समजावे. पत्र्यावरच्या वरवरच्या गंजाची काळजी नको. दाराखालचे उंबरे, सस्पेन्शन जेथे बसते त्या जागा, सबफ्रेम आणि ब्रेकच्या धातूच्या नळ्या पाहाव्यात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर कणखर आवाज न येता भद्द आवाज आला किंवा टोक आत घुसले तर तेथील पत्रा संपलेला आहे. नव्या रंगाचा किंवा काळ्या अंडरकोटिंगचा दाट थर ताजा दिसला तर त्याखाली काय आहे असे विचारावे.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारे होतेच. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला याचा लेखी पुरावा नसेल तर तो बदललेला नाही असेच धरावे. त्याची मुदत किलोमीटरमध्ये आणि वर्षांमध्ये अशी दोन्हींत दिलेली असते, जे आधी येईल ते लागू होते, आणि कमी चाललेल्या जुन्या गाड्या वर्षांच्या मुदतीत अडकतात. ज्या इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह एकाच जागेत येऊ शकतात त्यांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते, म्हणून अनेक उत्पादक ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. तेही बहुतेक जुन्या गाड्यांत राहून गेलेले असते. या पाहणीतून येत्या दोन वर्षांत करावी लागणारी कामे अंदाजे खर्चासह कागदावर उतरवावीत. पुढच्या पायरीला हाच कागद लागतो.

सहावी पायरी: हिशोब पुढच्या दोन वर्षांचा करा

‘दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त झाला की गाडी विका’ असा एक नियम सर्रास सांगितला जातो. मला तो पटत नाही. जुन्या गाडीची बाजारातली किंमत इतकी उतरलेली असते की साध्या क्लचचे कामही त्या रेषेपलीकडे जाऊ शकते. आणि तुलना करायची ती गाडीच्या किमतीशी नसून तिच्याऐवजी जी गाडी घ्यावी लागेल तिच्या खर्चाशी करायची असते.

हा हिशोब असा मांडावा. समजा, आजची दुरुस्ती १०० एकके आहे. पाहणीतून निघालेली दोन वर्षांची इतर कामे ६० एकके. गाडी आज आहे त्या अवस्थेत विकली तर ४० एकके मिळतात. ठेवली तर ते सोडून द्यावे लागतात, म्हणून तेही ठेवण्याच्या खर्चात धरायचे. दोन वर्षांनी ती विकून ३० परत येतील. म्हणजे ठेवण्याचा निव्वळ खर्च १०० + ६० + ४० − ३० = १७०, महिन्याला सुमारे ७ एकके. दुसऱ्या बाजूला, बदली गाडीची किंमत ५००, कर आणि नावावर करण्याचा खर्च ३०, विम्याचा वाढीव हप्ता २०, तिची स्वतःची देखभाल ४०, आणि दोन वर्षांनी तिची किंमत ३४०. निव्वळ खर्च २५०, महिन्याला १० एककांहून थोडा जास्त. कर्ज काढून घेतली तर व्याज वेगळे.

या उदाहरणात जुनी गाडी ८० एककांनी स्वस्त पडते, आणि हा ८० चा आकडाच खरा उपयोगाचा आहे. दोन वर्षांत यादीबाहेरचा ८० एककांहून मोठा बिघाड येईल का, एवढाच प्रश्न आता उरतो. इंजिन दुरुस्त झाले आणि गिअरबॉक्स, पत्रा, सस्पेन्शन ठणठणीत असले तर उत्तर बहुधा ‘नाही’ असे येते. गिअरबॉक्स आधीच झटके देत असेल तर आजचे बिल कितीही रास्त असले तरी थांबावे. गेल्या वर्षी नवे टायर घातले, त्याआधी एसी केला, हे या हिशोबात कोठेही येत नाही, फक्त त्यामुळे पुढची यादी जेवढी लहान झाली असेल तेवढेच. झालेल्या खर्चाच्या मोहापायी नवा खर्च करणारे मी बरेच पाहिले आहेत. त्यांत काही काळ मीही होतो.

पैशात न मावणारी एक गोष्ट मात्र धरावी लागते. गाडी रस्त्यात बंद पडली तर काय होते? ज्याच्याकडे दुसरे वाहन आहे किंवा ज्याला वेळेचे बंधन नाही त्याला ती गैरसोय वाटते. रात्रपाळीला एकट्याने लांब जाणाऱ्या माणसासाठी तो धोका असतो, आणि त्याने ८० च्या जागी ४० च धरले तरी ते चुकीचे नाही. सडलेला सांगाडा, पुराचे पाणी डॅशबोर्डपर्यंत चढलेली गाडी आणि अपघातात वाकलेला सांगाडा या तीन अवस्थांत आकडे मांडत बसू नये, गाडी सोडावी.

सातवी पायरी: कोणता भाग नवा, कोणता जुना

दार, आरसा, दिवा, सीट, काच हे भाग भंगारातल्या गाडीतून घेण्यात काही गैर नाही. अल्टरनेटर आणि स्टार्टर चांगल्या ठिकाणी रीकंडिशन केलेले असतील तर वर्षानुवर्षे चालतात. ब्रेक पॅड, होज, बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, सील आणि एअरबॅग जुन्या गाडीतून कधीही घेऊ नयेत. संपूर्ण जुने इंजिन बसवण्याचा विचार असेल तर ते गाडीत चढवण्याआधी त्याचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे, आणि ते बाहेर मोकळे ठेवलेले असतानाच त्याचा टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि क्रँकशाफ्टचे मागचे सील बदलावेत. नंतर तेच काम कित्येक पट मजुरी घेते.

एकाच उघडझाकीत काय काय करून घ्यावे याचा नियम सोपा आहे: मजुरी सामाईक असेल तरच. गिअरबॉक्स उतरवला तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलावे. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल तर तो बेल्टबरोबर बदलावा. हेड काढले तर ते सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) तपासून घेतल्याशिवाय नवे गॅस्केट टाकू देऊ नये, आणि ताण देऊन कसायचे हेड बोल्ट असतील तर ते नवेच वापरावेत. वाकलेल्या हेडवर नवे गॅस्केट टिकत नाही. एसीचा कॉम्प्रेसर आतून फुटला असेल तर त्याचा चुरा साऱ्या नळ्यांत पसरलेला असतो, म्हणून ड्रायर (एसीतील ओल शोषणारा भाग) आणि बहुधा कंडेन्सरही बदलावा लागतो. हा खर्च टाळला तर नवा कॉम्प्रेसर तोच चुरा गिळतो. याउलट ‘गाडी आलीच आहे तर मागचे शॉकअब्झॉर्बरही करून टाकू’ यात मजुरीची कोणतीही बचत नाही, ते पुढच्या महिन्यातही तेवढ्याच मजुरीत होतात.

आठवी पायरी: काम चालू असताना आणि गाडी घेताना

वाढीव कामाची परवानगी फोनवर दिली तरी तिचा लेखी संदेश आणि त्या भागाचा फोटो मागवावा. गाडी घ्यायला शक्यतो सकाळी जावे आणि इंजिन आधी चालू करू नका असे सांगून ठेवावे, कारण थंड इंजिनावरच्या तक्रारी तापलेल्या गाडीत दिसत नाहीत. मेकॅनिकला शेजारी बसवून तक्रार ज्या परिस्थितीत येत होती त्याच परिस्थितीत गाडी चालवावी. चेक इंजिनचा दिवा गेलेला पाहून समाधान मानू नये. कोड पुसला की दिवा जातोच आणि गाडीच्या स्वयंतपासण्याही शून्यावर येतात. त्या पूर्ण व्हायला थंड इंजिनापासूनच्या काही फेऱ्या लागतात. त्यानंतर स्कॅनर लावून सर्व तपासण्या पूर्ण झाल्या आहेत आणि कोड परतलेला नाही हे पाहावे, आणि अंतिम हिशोब त्याआधीच चुकता झाला असेल तर या पुनर्तपासणीची तारीख बिलावर घालून घ्यावी.

पहिल्या आठवड्यात रोज सकाळी गाडी हलवण्यापूर्वी कूलंट आणि ऑइलची पातळी पाहावी आणि खाली एक पुठ्ठा टाकून ठेवावा. हिरवट, गुलाबी किंवा नारिंगी चिकट थेंब कूलंटचा, तपकिरी किंवा काळा ऑइलचा, लालसर बहुधा गिअरबॉक्स किंवा पॉवर स्टिअरिंगच्या तेलाचा. एसी चालवल्यानंतरचे नुसते पाणी मात्र निर्धास्तपणे सोडून द्यावे. चाके काढली असतील तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासून घ्यावेत. पुठ्ठ्यावरच्या डागाभोवती पेनाने रेघ मारून तारीख लिहिली तर दुसऱ्या दिवशी तो वाढला की नाही हे कळते, आणि वाढला असेल तर तोच पुठ्ठा बिलासोबत घेऊन गॅरेजला जाता येते.